रेझ्युमे आणि कव्हर लेटर: अर्जाच्या कामाला वेळेची वेसण कशी घालावी

"आज दिवसभर अर्जच करत होते," असं भाची म्हणाली, तेव्हा मी विचारलं, किती गेले? एक गेला होता, दुसरा अर्धवट होता. मुलगी कष्टाळू आहे, लिहितेही चांगलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसलो. ती तिचं काम करत राहिली आणि मी फक्त वेळ टिपत गेलो.

पावणेतीन तासांचा हिशेब असा निघाला. जुनी फाइल शोधणं आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल दोन' यांतली ताजी कुठली ते ठरवणं: २० मिनिटं. आधीच्या नोकरीत रुजू झाल्याची तारीख आणि प्रोजेक्टचे आकडे आठवणं, त्यासाठी जुने मेल उपसणं: ४५ मिनिटं. तारखा उजव्या कडेला एका रेषेत आणणं: ३५ मिनिटं. कव्हर लेटरचं पहिलं वाक्य लिहिणं, खोडणं, परत लिहिणं: ४० मिनिटं. बाकीचं लेटर: २० मिनिटं. आणि ज्या जाहिरातीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती वाचणं: ५ मिनिटं.

त्यानंतर बऱ्याच जणांना अर्जाच्या कामात मदत करताना हेच चित्र पाहिलं. वेळ लिहिण्यात फारसा जात नाही. तो आठवण्यात आणि ठरवण्यात जातो, आणि या दोन्ही गोष्टी प्रत्येक अर्जाच्या वेळी पहिल्यापासून केल्या जातात. नोकरी शोधणारा माणूस आधीच थकलेला असतो, मनावर ताण असतो. अशा वेळी तीच दमछाक रोज नव्याने करावी लागू नये, एवढ्यासाठी ही पद्धत लिहून काढली आहे. पहिले दोन-तीन दिवस मेहनत आहे. नंतर एक चांगला अर्ज तासाभरात होतो.

आधी तीन अर्जांचा वेळ मोजा

पद्धत बदलण्याआधी तुमचा स्वतःचा वेळ कुठे गळतोय ते पाहा. पुढचे तीन अर्ज नेहमीसारखेच करा, पण शेजारी एक कागद ठेवा. त्यावर पाच रकाने: शोधणं, आठवणं, लिहिणं, सजवणं, पोर्टल भरणं. काम बदललं की वेळ टाका.

अंदाजाने हे कळत नाही. "लेटर लिहायला फार वेळ लागतो" असं म्हणणाऱ्या एकाने मोजून पाहिलं, तर त्याचा निम्मा वेळ पोर्टलमध्ये तीच माहिती पुन्हा टाइप करण्यात जात होता. त्याला लेटरचे नमुने देऊन काही उपयोग झाला नसता.

कोठार फाइल: एकदाच करायचं मोठं काम

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच टाळली जाते, कारण ती केल्याने त्या दिवशी एकही अर्ज जात नाही. तरीही दीड-दीड तासाच्या दोन बैठका यासाठी काढा.

कोठार फाइल म्हणजे तुमच्या कामाच्या आयुष्याची सगळी नोंद एका ठिकाणी. ही कुणाला पाठवायची नाही, त्यामुळे ती कितीही लांब होऊ द्या, भाषा कशीही असू द्या. पहिल्या बैठकीत कोरडी माहिती भरा: प्रत्येक नोकरीत रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना व वर्ष, नेमणूकपत्रावर छापलेलं पदाचं नाव, कुणाच्या हाताखाली काम केलं, टीम किती जणांची होती, शिक्षणाची वर्षं आणि गुण, सर्टिफिकेटचे क्रमांक, कुठली सॉफ्टवेअर कुठवर येतात. भाषा लिहिताना 'वाचता येते' आणि 'बोलता येते' हे वेगळं लिहा.

दुसऱ्या बैठकीत प्रसंग लिहा. आपण केलेले, सुधारलेले, सांभाळलेले, निस्तरलेले पंधरा-वीस प्रसंग. प्रत्येक प्रसंगाला चार प्रश्न विचारा: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय सोपवलं होतं, मी नेमकं काय केलं, त्याने काय बदललं. मुलाखतीच्या तयारीत याला 'स्टार' पद्धत म्हणतात. ती लिहितानाच वापरली की मुलाखतीची अर्धी तयारी इथेच होऊन जाते.

आकडे आठवत नाहीत ही नेहमीची तक्रार. ते डोक्यात शोधू नका, कागदात शोधा. वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म, वरिष्ठांना पाठवलेले मासिक अहवाल, जुनं कॅलेंडर, पाठवलेल्या मेलचा फोल्डर, ग्राहकांनी पाठवलेले आभाराचे मेसेज. अजून नोकरीत असाल तर हे आजच बघा, कारण नोकरी सोडल्यावर ऑफिसचा मेल बंद होतो. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रं घरी आणू नका. फक्त तुमच्या कामाची नोंद लिहून घ्या. विक्रीचा आकडा उघड करता येत नसेल तर प्रमाण लिहा: 'तक्रारी निम्म्यावर आल्या', 'तीन दिवसांचं काम एका दिवसात व्हायला लागलं'.

एक उदाहरण जवळून पाहू. एका अकाउंट्स असिस्टंटच्या रेझ्युमेत ओळ होती: 'मासिक हिशेबाचे काम पाहिले.' मी विचारत गेलो. महिनाअखेरीला नेमकं काय करायचात? बँकेचं स्टेटमेंट आणि आपल्या वह्या जुळवायचो. किती खाती? अकरा. किती दिवस लागायचे? आधी नऊ, नंतर चार. चार कसे झाले? न जुळणाऱ्या नोंदींची यादी महिनाअखेरीची वाट न बघता दर आठवड्याला काढायला लागलो. यातून ओळ तयार झाली: '११ बँक खात्यांची जुळवणी साप्ताहिक पद्धतीवर आणून महिनाअखेरीचं काम ९ दिवसांवरून ४ दिवसांवर आणलं.' यात एकही शब्द फुगवलेला नाही. सगळं त्यांनीच केलं होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. हे प्रश्न विचारायला वीस मिनिटं लागली. दर अर्जाला ती देता येणार नाहीत, म्हणून कोठार.

प्रत्येक प्रसंग तीन मापांत लिहून ठेवा. एक ओळ रेझ्युमेसाठी, तीन-चार वाक्यं कव्हर लेटरसाठी, आणि चार-पाच मुद्दे मुलाखतीत दोन मिनिटं बोलण्यासाठी. आता अर्ज लिहायला बसाल तेव्हा काही आठवायचं उरणार नाही, फक्त निवडायचं उरेल.

नुकतंच शिक्षण झालेल्यांना वाटतं की कोठारात टाकायला आपल्याकडे काहीच नाही. कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, एखाद्या कार्यक्रमाचा हिशेब सांभाळणं, लहान मुलांच्या शिकवण्या, घरच्या दुकानाचा स्टॉक, हे सगळं काम आहे. किती जण, किती दिवस, काय अडचण आली, काय केलं, एवढं लिहिलं की त्याला वजन येतं.

साचा एकदा बनवा, मग त्याला हात लावू नका

माझी स्वतःची एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मनापासून हव्या असलेल्या जागेसाठी मी पूर्ण रविवार रेझ्युमे सजवत बसलो. दोन कॉलम, डाव्या पट्टीत निळा रंग, कौशल्यांपुढे भरलेले-रिकामे गोल. रात्री पोर्टलवर चढवला, तेव्हा त्याने आपोआप भरलेल्या फॉर्ममध्ये माझं पदाचं नाव शिक्षणाच्या रकान्यात गेलं होतं आणि फोन नंबर कुठेच नव्हता. मुदत संपायला चाळीस मिनिटं उरली होती. घाईघाईने सगळं हाताने भरलं आणि लेटर तसंच गडबडीत लिहून पाठवलं. ती जागा मिळाली नाही. का मिळाली नाही ते मला कधीच कळणार नाही, पण तो रविवार मी चुकीच्या कामाला दिला, एवढं मात्र नक्की.

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातात. त्याला 'अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम' किंवा नुसतं 'एटीएस' म्हणतात. ते मजकूर वाचून नाव, पद, तारखा वेगळ्या काढायचा प्रयत्न करतं. दोन कॉलम, टेबल, टेक्स्ट बॉक्स आणि चित्र म्हणून टाकलेली अक्षरं यांत अशी अनेक सॉफ्टवेअर गोंधळतात. पानाच्या हेडर-फुटरमध्ये लिहिलेला फोन नंबर काहींना दिसतच नाही. म्हणून साचा साधा ठेवा: एक कॉलम, 'अनुभव', 'शिक्षण', 'कौशल्यं' अशी सरळ शीर्षकं, एकच फॉन्ट, आकार १० ते १२ पॉइंट, आणि तारखा सगळीकडे एकाच पद्धतीने.

तपासायचा सोपा उपाय असा: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. वाचताना क्रम लागला, काही गळलं नाही, तर साचा ठीक आहे. ओळी एकमेकींत घुसल्या तर सॉफ्टवेअरलाही बहुधा तसंच दिसेल.

लांबीचं म्हणाल तर अनुभव थोडा असेल तोवर एक पान, जास्त असेल तर दोन. संशोधन आणि अध्यापनाच्या क्षेत्रातली सीव्ही वेगळी असते. तिथे प्रकाशित लेखांची यादीच अनेक पानं जाते आणि ते चालतं.

या सगळ्याला एक संध्याकाळ द्या. त्यानंतर नोकरी लागेपर्यंत साच्याला हात लावायचा नाही, असं ठरवून टाका. मन रेंगाळतं तेव्हा हात आपोआप फॉन्ट बदलायला जातो. ते काम केल्यासारखं वाटतं, म्हणून तर ते धोक्याचं.

तुम्ही दोन वेगळ्या प्रकारच्या पदांसाठी प्रयत्न करत असाल, समजा प्रशिक्षण आणि कामकाज व्यवस्थापन, तर त्याच साच्यात दोन मूळ रेझ्युमे बनवून ठेवा. तीनपेक्षा जास्त नकोत. त्यांची देखभाल हाच एक उद्योग होऊन बसतो.

चाळणी: कुठे अर्ज करायचा नाही हे आधी ठरवा

वेळ वाचवण्याची सगळ्यात मोठी जागा इथे आहे. न केलेल्या अर्जाला शून्य मिनिटं लागतात.

जाहिरात दिसली की लगेच रेझ्युमे उघडू नका. आधी तिला पाच मिनिटं द्या आणि दोन गोष्टी वेगळ्या करा: जे असल्याशिवाय चालणारच नाही ते, आणि असलं तर बरं असं ते. ठरावीक परवाना, कायद्याने लागणारी पदवी, अमुक शहरात हजर असणं, या पहिल्या प्रकारच्या अटी. त्यांतली एखादी तुमच्याकडे नसेल तर जाहिरात बाजूला ठेवा. दुसऱ्या प्रकारच्या यादीतलं सगळं तुमच्याकडे असायची गरज नसते. रोजच्या कामांपैकी अर्ध्याहून अधिक कामं तुम्ही खरोखर केली असतील तर बिनधास्त पुढे जा. बरेच होतकरू लोक इथेच उगाच माघार घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जे उरेल त्याचे दोन ढीग करा. पहिला ढीग मनापासून हव्या असलेल्या आणि तुमच्या कामाशी जुळणाऱ्या जागांचा: इथे पूर्ण तास द्यायचा, लेटर लिहायचं. दुसरा ढीग 'जमलं तर बरं' असा: इथे मूळ रेझ्युमे, वरच्या तीन ओळींत बदल, आणि पंधरा-वीस मिनिटांत विषय संपवायचा. पहिल्या ढिगातले आठवड्याला तीन-चारच अर्ज होतात. त्याहून जास्त होत असतील तर बहुधा चाळणी सैल आहे.

त्या कंपनीत तुमच्या ओळखीचं, अगदी पुसटशा ओळखीचंही कुणी असेल, तर जागा थेट पहिल्या ढिगात टाका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली 'विरळ संबंधांची ताकद' मांडली. माणसांना नोकऱ्यांची खबर कशी मिळते याचा त्यांनी अभ्यास केला, तेव्हा ती घनिष्ठ मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून आलेली अधिक दिसली. कारण सरळ आहे: जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. म्हणून अर्जांवर वाचलेले दोन तास आणखी चार अर्जांना देऊ नका. जुन्या सहकाऱ्याला एक फोन आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये दोन मेसेज यांना द्या.

प्रत्यक्ष अर्ज: साठ मिनिटांची वाटणी

काम मिळेल तेवढ्या वेळात पसरतं, असं सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मधल्या लेखात लिहिलं. अर्जाला ते तंतोतंत लागू पडतं. दुपार मोकळी असेल तर अर्ज दुपारभर चालतो. म्हणून मोबाइलवर गजर लावूनच बसा.

पहिली पंधरा मिनिटं जाहिरातीची. भाचीने पाच दिली होती, आपण तिप्पट देतोय, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जाहिरात कागदावर किंवा कोऱ्या फाइलमध्ये घ्या. कोणतं काम दोनदा आलंय? यादीत सगळ्यात वर काय आहे? 'स्वतंत्रपणे', 'वेगवेगळ्या विभागांसोबत', 'मुदतीत' असे शब्द कुठे आहेत? त्यातून एक वाक्य तयार करा: 'यांना असा माणूस हवा आहे जो...' हे वाक्य पूर्ण करता आलं नाही, तर लेटरही लिहिता येणार नाही.

मग पाच मिनिटं कोठारात. त्या वाक्याला साजेसे तीन प्रसंग उचला. तीनच.

निवड म्हणजे काय याचं एक जुनं उदाहरण सांगतो. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला सेवेत घेण्याची विनंती करणारं पत्र तयार केलं. त्यात हलवता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढणं, तोफा, झाकलेली युद्धवाहनं असे एकामागून एक मुद्दे आहेत. चित्रकला आणि शिल्पकला येतात अगदी शेवटी. समोरच्याची गरज युद्धाची होती, म्हणून चित्रकाराने युद्धाची कामं वर घेतली. आपल्याला ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान आहे ते खाली जाऊ देणं जड जातं, पण करावं लागतं.

पुढची पंधरा मिनिटं रेझ्युमेला. मूळ फाइलची प्रत काढा आणि तीनच जागी बदल करा: वरचा तीन ओळींचा परिचय, कौशल्यांचा क्रम, आणि सध्याच्या किंवा शेवटच्या नोकरीखालच्या पहिल्या तीन ओळी. बाकी जसंच्या तसं. 'लॅडर्स' या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ साली भरती करणाऱ्यांच्या नजरेचा मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर सरासरी ७.४ सेकंद गेल्याचं दिसलं. एवढ्या वेळात दुसऱ्या पानाच्या तळाशी असलेली ओळ कुणी वाचत नाही. तुमचा वेळही पानाच्या वरच्या भागालाच द्या.

शब्द जाहिरातीतलेच वापरा, खरे असतील तिथे. तुम्ही 'पुरवठादारांशी समन्वय' लिहिलंय आणि जाहिरातीत 'व्हेंडर मॅनेजमेंट' आहे, काम तेच आहे, तर त्यांचा शब्द घ्या. वाचणाऱ्याला आणि सॉफ्टवेअरला दोघांनाही ते चटकन सापडतं. न केलेलं काम मात्र शब्द जुळवण्यासाठी लिहू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

वीस मिनिटं लेटरला आणि शेवटची पाच तपासणीला. लेटरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं.

कव्हर लेटर मधून सुरू करा

भाचीची चाळीस मिनिटं पहिल्या वाक्यात गेली होती. बहुतेकांची तिथेच जातात. कारण पहिलं वाक्य लिहिताना काय सांगायचंय हेच ठरलेलं नसतं. म्हणून सुरुवात मधल्या परिच्छेदापासून करा. कोठारातला चार वाक्यांचा प्रसंग उचला, जाहिरातीच्या गरजेशी जोडा. उदाहरणार्थ:

"आपल्या जाहिरातीत महिनाअखेरीचे हिशेब वेळेत पूर्ण करण्यावर भर आहे. माझ्या सध्याच्या कामात ११ बँक खात्यांच्या जुळवणीला ९ दिवस लागत असत. न जुळणाऱ्या नोंदी दर आठवड्याला काढण्याची पद्धत मी सुरू केली आणि तिची तक्ता-फाइल स्वतः तयार केली. आज हे काम ४ दिवसांत होते आणि नवीन सहकाऱ्यांना ती पद्धत मीच शिकवतो."

हे तयार झालं की पहिला परिच्छेद दोन वाक्यांत सुचतो: कोणत्या पदासाठी लिहितोय आणि ते काम मी कुठे केलंय. 'मी आपल्या नामांकित संस्थेत' अशी सुरुवात सोडून द्या. ती कुठल्याही संस्थेला लागू पडते, म्हणून कुणाच्याच मनात राहत नाही. तिसऱ्या परिच्छेदात याच संस्थेत का यायचंय ते एका खऱ्या कारणासह लिहा, आणि कधी रुजू होता येईल ते सांगा. सगळं मिळून अर्धं ते पाऊण पान पुरे. नोकरीत खंड असेल, क्षेत्र बदलत असाल, तर त्याबद्दल एक सरळ वाक्य इथेच लिहा. रेझ्युमेत त्याला जागा नसते, आणि लेटरचा खरा उपयोग अशा वेळीच होतो.

जाहिरातीत 'लेटर नको' असं असेल तर पाठवू नका. 'ऐच्छिक' असेल तर पहिल्या ढिगाला लिहा, दुसऱ्याला नको.

चॅटबॉटकडून लेटर लिहून घेणारे आता पुष्कळ आहेत. 'या जागेसाठी लेटर लिही' एवढंच सांगितलं तर सफाईदार पण कुणाचंही वाटेल असं पत्र येतं, आणि ते आपलंसं करण्यात वाचलेला वेळ परत जातो. कोठारातला प्रसंग आणि जाहिरात दोन्ही देऊन लांबी कमी करून मागितली, तर चांगला उपयोग होतो. आलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक दावा मात्र कोठाराशी पडताळून पाहा. तुम्ही न केलेलं काम त्यात सहज घुसतं, आणि सही तुमची असते. ऑफिसची गोपनीय माहिती तिथे टाकू नका, हेही आलंच.

पोर्टलचा फॉर्म

इथे एकच उपाय आहे. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नेहमी विचारली जाणारी उत्तरं तयार ठेवा: पत्ता, शिक्षणाच्या तारखा, नोटीस पिरियड, अपेक्षित पगार, नोकरी सोडण्याचं कारण, दोन संदर्भ व्यक्तींची पदं आणि संपर्क. त्या व्यक्तींची परवानगी आधीच घेतलेली असावी. लांब उत्तर थेट पोर्टलच्या चौकटीत लिहू नका. सेशन संपलं की सगळं जातं.

आठवड्याची मांडणी

जाहिराती शोधणं आणि अर्ज लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक करता करता दुसरं केलं की दोन्ही रेंगाळतात. सोफी लरॉय यांनी २००९ च्या संशोधनात दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, तर मन काही काळ पहिल्यातच अडकून राहतं आणि दुसऱ्या कामाचा दर्जा घसरतो. नोकरी करता करता शोधणाऱ्यांना मी असं सुचवतो: आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त शोध आणि चाळणी, दोन संध्याकाळी एकेक पूर्ण अर्ज, सुट्टीच्या दिवशी दीड तास छोटे अर्ज आणि फोन. बाकी संध्याकाळी मोकळ्या ठेवा. नोकरी नसलेल्यांनीही दिवसाला तीन तासांपलीकडे अर्जांना देऊ नयेत. उरलेला वेळ शिकण्याला, माणसांना भेटण्याला आणि झोपेला द्या.

मुदत लांब असेल तर अर्ज संध्याकाळी लिहा आणि सकाळी पाठवा. रात्री न दिसलेली चूक सकाळी पहिल्या नजरेत दिसते. परदेशातल्या जागेसाठी मुदत कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे ते बघून घ्या.

पाठवण्याआधी सहाच गोष्टी तपासा: संस्थेचं नाव, पदाचं नाव, तुमचा फोन आणि ईमेल, तारखा, फाइलचं नाव, आणि योग्य फाइल जोडली आहे का. लेटर एकदा मोठ्याने वाचा. जुन्या लेटरवरून नवं करताना आधीच्या कंपनीचं नाव राहून जाणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे, आणि तिला माफी नसते. ती टाळायची तर जुन्या लेटरची प्रत काढूच नका. साच्यात नावाच्या जागी 'संस्था' असा ठळक शब्द ठेवा आणि दर वेळी कोठारातूनच भरा. या सहा गोष्टी ठीक असतील तर पाठवा. 'अजून एकदा बघतो' याला शेवट नसतो.

दहा-बारा अर्जांनंतर थांबून बघा

प्रत्येक अर्जाची एका तक्त्यात एक ओळ: तारीख, संस्था, पद, कुठला ढीग, किती मिनिटं लागली, उत्तर आलं का. दहा-बारा ओळी झाल्या की तक्ता वाचा.

पहिल्या ढिगातूनही एकही फोन आला नसेल, तर अर्जांची संख्या वाढवून फरक पडणार नाही. चाळणी तपासा, वरच्या तीन ओळी तपासा, त्या क्षेत्रातल्या कुणाला तरी रेझ्युमे दाखवा आणि "यावरून मी काय काम करतो असं वाटतं?" एवढंच विचारा. फोन येतायत पण मुलाखतीनंतर पुढे काही होत नाही, असं असेल तर रेझ्युमे त्याचं काम करतोय. त्याला पुन्हा पुन्हा घासणं बंद करा आणि तो सगळा वेळ मुलाखतीच्या सरावाकडे वळवा. ही दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. नकार आला की हात सवयीने पुन्हा रेझ्युमेकडेच जातो.

आणखी एक सवय लावून घ्या. अर्ज पाठवला की त्या जागेच्या नावाने एक फोल्डर करा. त्यात पाठवलेला रेझ्युमे, लेटर आणि जाहिरातीचा पूर्ण मजकूर ठेवा, नुसती लिंक नको. मुदत संपली की जाहिराती काढून टाकतात, आणि मुलाखतीचा फोन कधी कधी महिन्या-दीड महिन्याने येतो. भाचीला तो पाच आठवड्यांनी आला, बसमध्ये असताना. "उद्या सकाळी दहाला जमेल का?" तिने हो म्हटलं, मोबाइलवर फोल्डर उघडला आणि उतरेपर्यंत जाहिरात, स्वतःचं लेटर आणि निवडलेले तीन प्रसंग वाचून झाले होते.